मीटिंगमामांची साक्ष

साहेबांच्या दाराबाहेरच्या स्टुलावर बसून मामांनी उभा जन्म काढला, आणि त्या जन्मात त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेलं वाक्य म्हणजे, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. कचेरीच्या त्या मजल्यावर टायपिस्टपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना मीटिंगमामा म्हणत. त्यामुळे त्यांच्या बायकोलाही सगळी गल्ली मामी म्हणायला लागली. तिला ते मुळीच आवडायचं नाही, पण गल्लीपुढे कुणाचं चालतं?

साहेब म्हणजे शहरातल्या जमिनींचे मोठे अधिकारी. कुठल्या मोकळ्या जागेवर शाळा व्हायची, कुठे बाग, कुठे दवाखाना, हे त्यांच्या सहीने ठरायचं. पण माणूस पाहिलात तर असं वाटू नये. अबोल, मान खाली घालून चालणारा, जिन्यात समोरून कुणी आलं की स्वतःच भिंतीला टेकून वाट देणारा. मामांनी साहेब बरेच पाहिले. कुणी खेकसायचे, कुणी घरची कामं सांगायचे. हे साहेब मामांना मानवले.

त्यांच्या खोलीला दोन दारं होती. एक पुढच्या व्हरांड्यात उघडायचं, तिथे मामांचं स्टूल. दुसरं मागे, मंत्र्यांच्या दालनाकडे जाणारं, आणि त्याच बाजूला खाली उतरणारा एक जिना. साहेब अधूनमधून दुपारचे त्या मागच्या दाराने नाहीसे व्हायचे. कधी जाताना सांगायचे, "मामा, जरा सांभाळा." कधी तेही नाही. मामा आत जायचे तेव्हा कळायचं की खुर्ची रिकामी आहे. कुठे जातात, हे मामांनी कधी विचारलं नाही. शिपायाने विचारायच्या गोष्टी असतात त्यांत ही बसत नाही.

पण मामा सांभाळायचे मात्र असे की बघत राहावं. खुर्चीच्या पाठीला साहेबांचा कोट, तोही नीट लावलेला नाही, आत्ताच काढून टाकल्यासारखा एका बाजूला घसरलेला. टेबलावरचा दिवा चालू. पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवलेलं. मग मामा कँटीनमधून ट्रेमध्ये दोन कप चहा घेऊन यायचे, बाकावर ताटकळलेल्या लोकांसमोरून आत न्यायचे, आणि दाराआड उभं राहून दोन्ही कप स्वतः प्यायचे. बाहेर येताना दार अर्धं ओढून आत वळून म्हणायचे, "बरं साहेब, सांगतो." बाकावरची माणसं आपोआप सावरून बसायची. दुसऱ्या मजल्यांवरचे शिपाई मामांकडे हे शिकायला यायचे, आणि मामाही आढेवेढे न घेता शिकवायचे. तेवढाच मान.

साहेब खरोखर आत असायचे, कुणी भेटायला आलेलं असायचं, तेव्हाही मामा हेच सगळं करायचे. दोन कप, तोच ट्रे, तेच "बरं साहेब." फरक इतकाच की तेव्हा चहा मामांच्या वाट्याला यायचा नाही.

मग एका सकाळी साहेबांचा फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला, आणि त्याखाली 'आरोपी' असं छापलेलं होतं.

प्रकरण असं होतं. शहराच्या पार टोकाला, जिथे माणसाला बरं नसलं की आधी गाडी शोधावी लागते, तिथे दवाखान्यासाठी एक जागा राखून ठेवलेली होती. ती जागा मंत्र्यांच्या भाच्याच्या कंपनीला गेली. बोभाटा झाल्यावर मंत्र्यांनी हात वर केले. भाच्याला पकडलं, आणि भाचा स्वतःची कातडी वाचवायला माफीचा साक्षीदार झाला. त्याने सांगितलं की एका मंगळवारी दुपारी आपण मागच्या दाराने साहेबांच्या खोलीत गेलो, समोरासमोर बसून सगळं ठरवलं, वर चहाही प्यालो. साहेबांचं म्हणणं वेगळं. सही माझीच आहे, कागदांच्या गठ्ठ्यात न वाचता केली, ती माझी चूक. पण त्या माणसाला मी भेटलो नाही, त्या दुपारी मी खोलीतच नव्हतो.

न वाचता सही केली असेल तर हलगर्जीपणा, नोकरीवर बेतणारा. भेटून, ठरवून केली असेल तर कट, फसवणूक, पदाचा गैरवापर, आणि सरळ तुरुंग. म्हणजे साहेब त्या दुपारी आत होते की नव्हते, एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं. आणि दाराशी कोण होतं? मामा.

तपासाला आलेला अधिकारी गोड बोलणारा होता. त्याने मामांना खुर्ची दिली. मामांना कचेरीत खुर्चीवर बसायची सवय नव्हती, ते टोकावर टेकले.

"त्या दुपारी तुम्ही चहा आत नेलात?"

"नेला." टायपिस्टने आधीच सांगितलं होतं, कँटीनच्या वहीतही नोंद होती, नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"किती कप?"

"दोन."

अधिकाऱ्याचा चेहरा असा खुलला की मामांनाही बरं वाटलं, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो म्हणून. दोन कप म्हणजे दोन माणसं, हे त्याचं गणित मामांच्या ध्यानातच आलं नाही. ते कप कुणी प्यायले, हे त्याने विचारलं नाही. आणि साहेबांच्या नावचा चहा मी ढोसतो, हे पोलिसांपुढे आपण होऊन कसं सांगायचं? मामांना लाज वाटली. त्यांनी सही केली आणि घरी आले.

रात्रीचं जेवण होता होता घास त्यांच्या हातातच राहिला. "अगं," ते मामीला म्हणाले, "मी साहेबांना अडकवलं की काय?"

दुसऱ्या दिवशी ते धावतपळत त्या अधिकाऱ्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. कोट, पेनाचं टोपण, दाराआडचा चहा. अधिकारी पोट धरून हसला. "साहेबांच्या वकिलांनी छान पढवलंय तुम्हाला." वकिलांना त्याचा सुगावा लागला तसे ते स्वतः गाडी घेऊन मामांच्या घरी हजर. "म्हणजे साहेब नव्हते! मी म्हणतच होतो!"

"तसं नाही हो," मामा म्हणाले. "कधी असायचे, कधी नसायचे."

"पण त्या मंगळवारी?"

इथे मामांचं घोडं अडलं. कारण त्या मंगळवारी साहेब होते की नव्हते, हे मामांना माहीत नव्हतं. खरोखर माहीत नव्हतं. वर्षाहून जास्त काळ लोटलेला, दुपारी सगळ्या सारख्या, आणि त्यांनी स्वतःच तर जिवाचं रान करून त्या सारख्या करून ठेवलेल्या! तपासाचा अधिकारी विचारायचा तेव्हा त्यांना डोळ्यासमोर भाचा दिसायचा, डाव्या खुर्चीत पाय पसरून बसलेला. तो पूर्वी दोनचारदा येऊन गेला होता, आणि आता वर्तमानपत्रात रोज दिसत होता, त्यामुळे दिसायला चांगला ठसठशीत दिसायचा. वकील विचारायचे तेव्हा रिकामी खुर्ची दिसायची आणि जिभेवर चहाची चव यायची. दोन्ही तितकंच स्पष्ट. मामांचं डोकं पिकून गेलं.

बरं, हे कुणाला पटेल? गल्लीतला दुकानदार डोळा मारून म्हणाला, "मामा, पक्के आहात हं. शेवटपर्यंत पत्ते उघडू नका." कचेरीतले लोक समोरून आले की गप्प व्हायचे. मामीलाही वाटायचं की यांनी साहेबांचं मीठ खाल्लंय म्हणून बोलत नाहीत.

"अहो, माझ्याशी तरी खरं बोला," ती एका संध्याकाळी शिलाई मशीन थांबवून म्हणाली. "मी काय कोर्टात जाऊन सांगणार आहे?"

"अगं, आठवतच नाही तर काय बोलू?"

"मीठ कमी पडलं तर वर्षभर आठवतं तुम्हाला."

शेवटी तिनेच उपाय काढला. तिने स्वयंपाकघरातली खुर्ची मधे ठेवली, मामांचा कोट पाठीला अडकवला, ताटलीत दोन कप ठेवून त्यांच्या हातात दिले आणि त्यांना बाहेर पिटाळलं. "आता या आत. जसे त्या दिवशी आलात तसे. बघू आठवतं का."

मामा आत आले. रिकामी खुर्ची पाहताच त्यांचे डोळे चमकले. "नव्हते! अगं, नव्हते साहेब! अगदी अस्संच होतं!"

मामीला आनंद झाला. पण बाई पडली चोख. "थांबा," ती म्हणाली, "खात्री करून घेऊ." ती स्वतः खुर्चीत बसली, मान खाली घातली आणि पोळपाट पुढ्यात घेऊन सही करायला लागली. मामा पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले, आणि दारातच थबकले.

"काय झालं?"

"होते," मामा म्हणाले. "असेच बसले होते. मान खाली घालून."

मामीने पोळपाट जागेवर ठेवला. त्या दिवसानंतर तिने हा विषय काढला नाही. मामांवर तिचा विश्वास बसला होता, पण त्याने दोघांच्याही जिवाला घोर लागला. आधी निदान घरात एकाला तरी वाटत होतं की उत्तर कुठेतरी आहे.

साक्षीच्या दिवशी मामा मनाशी ठरवून निघाले होते. नव्हते असं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. आयुष्यभर साहेब नसताना आहेत म्हणून सांगितलं, एकदा उलटं सांगितलं तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण कोर्टात पोचल्यावर ते आधी हात-तोंड धुवायला गेले. तिथे बेसिनपाशी साहेब उभे होते. एकटेच. नळाखाली हात धरून उभे, पण नळाला पाणी नव्हतं.

साहेब वाळले होते. कोट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. मामांना बोलायचं नव्हतं, साक्षीदाराने आरोपीशी बोलू नये असं वकिलांनी बजावलेलं. ते मागे फिरले.

"मामा," साहेब म्हणाले. "एक सांगाल? मी होतो का हो त्या दिवशी?"

मामांना आधी वाटलं, साहेब इशारा देतायत. मग त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. साहेब खरोखर विचारत होते.

"मी बागेत जाऊन बसायचो," साहेब म्हणाले. "कचेरीपासून दोन रस्ते सोडून आहे ती. बाकावर बसायचो. तिथे मला कुणी ओळखायचं नाही, कुणी काही मागायचं नाही, फार बरं वाटायचं. पण रोज नाही जायचो. त्या मंगळवारी गेलो होतो की नाही... वकिलांना मी ठामपणे सांगतो, गेलो होतो. बागेत मला पाहिलेलं कुणी नाही. आणि तो भाचा इतकं बारीकसारीक सांगतो की कधीकधी मलाच वाटतं, भेटलो असेन. इतके लोक भेटायचे. मी हो हो म्हणायचो, सगळ्यांनाच."

बाहेर कुणी ऐकू नये म्हणून मामांनी दार ओढून घेतलं.

"मुलगी बोलत नाही माझ्याशी. दवाखान्यात नर्स आहे ना ती, तिच्या वॉर्डात माणसं जमिनीवर झोपलेली असतात. तिने मला एकदाच विचारलं, बाबा, भेटलात का त्या माणसाला? आणि मला झटकन नाही म्हणता आलं नाही. मी विचार करायला थांबलो. ती उठून गेली." साहेबांनी कोरडे हात रुमालाला पुसले. "तुम्ही आज सांगाल ते मी खरं धरेन, मामा. मला दुसरं काही साधन नाही."

हे ऐकून मामांचा सगळा बेत ढासळला. ज्याला स्वतःला खरं काय ते ठाऊक आहे, त्याच्यासाठी थाप मारायला मामांना कधी जड गेलं नव्हतं, साहेब मनात तर जाणून असायचे. पण या माणसाला ठाऊकच नव्हतं. आता जे बोलू ते याच्या आयुष्यात जाऊन खरं होऊन बसणार, आणि ते खरं आहे की नाही हे जगात कुणालाच कळणार नाही. मामा घाबरले. तेवढ्यात त्यांच्या नावाचा पुकारा झाला.

सरकारी वकिलांनी विचारलं, "साहेब त्या दुपारी आत होते?"

"माहीत नाही."

"तुम्ही दाराशीच होतात ना?"

"हो."

"चहा घेऊन आत गेलात?"

"गेलो."

"मग आत कोण होतं, ते दिसलं नाही?"

"दिसलं असणार," मामा म्हणाले, आणि कोर्टात हशा पिकला.

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. कोट कसा लावायचे, पेनाचं टोपण, दोन्ही कप दाराआड कसे प्यायचे. हशा वाढत गेला. न्यायाधीशांनी हसू लपवायला चष्मा पुसायला घेतला. सरकारी वकील भडकले. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लोकांशी खोटं बोलत होतात?"

"साहेब आत असले की खरं बोलायचो."

पुन्हा हशा. मामांना हसण्यासारखं काय आहे तेच कळेना. साहेबांच्या वकिलांनी मग मऊ आवाजात विचारलं, "म्हणजे साहेब त्या दिवशी खोलीत नसण्याची शक्यता आहे, बरोबर?"

"आहे," मामा म्हणाले. वकील हसतमुखाने खाली बसणार, इतक्यात मामांनी पुढे जोडलं, "असण्याचीही आहे." वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला. मामांनी साहेबांकडे पाहिलं. आरोपीच्या जागेवर साहेब खाली मान घालून बसले होते, आणि ती मान काही वर झाली नाही.

बाहेरच्या पायऱ्यांपाशी मामा जरा टेकले. येणारे जाणारे त्यांच्याकडे बघून कुजबुजत होते. कुणी म्हणालं दबाव आला असणार, कुणी म्हणालं दोन्ही बाजूंकडून खाल्लं असणार. तेवढ्यात साहेबांची मुलगी समोर येऊन उभी राहिली. रात्रपाळी करून तशीच आली असावी, डोळे सुजलेले आणि गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. लहान असताना ती शाळेतून थेट कचेरीत यायची आणि मामांच्या स्टुलाशेजारी दप्तर टाकून बसायची.

"मामा, मी मागे बसून ऐकत होते," ती म्हणाली. "तुम्ही कोर्टात का नाही बोललात, ते तुमचं तुम्हाला माहीत. मी ते विचारत नाही. मी कुणाला सांगणार नाही. पण मला खरं सांगा. बाबा आत होते का?"

पलीकडे खांबापाशी साहेब उभे होते. हातात औषधांची पिशवी. वकील त्यांना काहीतरी तावातावाने सांगत होते आणि साहेब नुसते मान हलवत होते. हो हो म्हणत असणार.

"नव्हते, बाळ," मामा म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. खुर्ची रिकामी होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. बागेत जाऊन बसायचे ते."

तिने भिंतीला हात टेकला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतक्या महिन्यांत मामांना पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. तिने ओढणीने डोळे पुसले, एक खोल श्वास घेतला, आणि मामांकडे पाहिलं. आता तिची नजर वेगळी होती.

"मग हे आत का नाही सांगितलंत?"

मामा खांबापाशी उभ्या साहेबांकडे बघू लागले.

"माझे बाबा तुरुंगात जातील, मामा. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही लोकांना हसवत उभे राहिलात?"

आत्ताच बोललो ते खरं नव्हतं, मला काहीच माहीत नाही, असं एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर मामा सुटले असते. पण मग ती पायऱ्या उतरून एकटीच निघून गेली असती. मामांनी ते वाक्य गिळलं.

ती भराभर चालत वडिलांकडे गेली, त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. साहेब गर्रकन वळले. इतक्या दुरूनही मामांना दिसलं, त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. नव्हतो मी. नव्हतोच. मामांनी पाहिलंय. मग तो उजेड हळूहळू ओसरला. साहेब मामांकडे टक लावून बघत राहिले, पाहिलं होतं तर आत का नाही सांगितलं, हे त्यांना कळत नसल्यासारखे.

मग मुलीने त्यांचा दंड धरला, आणि साहेबांनी मामांकडे पाठ फिरवली.

दोघं सावकाश पायऱ्या उतरून गेली. मामा तिथेच उभे राहिले. त्यांना घरी जायचं होतं, पण मामीने विचारलं तर काय सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.